तक्रार मांडली, पण नोंद झाली का?

वाचकांचे प्रश्न

वॉर्डातल्या बैठका, ग्रामसभा आणि तिथे मांडायची गाऱ्हाणी यांबद्दल बेळगाव शहर, बेळगाव तालुका आणि खानापूर भागातून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या गल्लीतली गटार दर पावसाळ्यात तुंबते आणि पाणी उंबऱ्याला लागते. वॉर्डाच्या बैठकीत नगरसेवक आणि अधिकाऱ्यांसमोर आम्ही सगळे बोलतो. ‘बघतो, करून घेतो’ असे उत्तर मिळते आणि पुढच्या बैठकीत पुन्हा तेच. आमचे चुकते कुठे? (वडगाव, बेळगाव)

उत्तर : बैठकीत बोललेले आणि बैठकीच्या इतिवृत्तात लिहिले गेलेले यांत फार अंतर असते. अधिकारी बदलतो, नगरसेवक बदलतो, महापौर तर दर वर्षी बदलतो; मागे राहतो तो कागद. त्यामुळे बैठकीची तयारी करताना आपले वाक्य जसेच्या तसे लिहून घेता येईल का, हे आधी पाहावे. ‘गटारीचा फार त्रास आहे’ हे वाक्य कुणालाच लिहून घेता येत नाही. त्यात जागा नाही, माप नाही आणि काम कुणाचे तेही नाही.

बैठकीच्या आठवडाभर आधी दोघा-तिघांनी गटारीच्या कडेने चालत जावे. मारुती मंदिर, शाळेचा कोपरा, विजेची डीपी अशी न हलणारी खूण धरून तिथून टेपने अंतर मोजावे. गटारीची रुंदी आणि खोली लिहावी. काठी उभी करून तळाशी गाळ किती आहे ते पाहावे. पाणी कुठे साचते आणि पाऊस थांबल्यावर किती वेळ राहते, तेही टिपावे. फोटो काढताना चौकटीत ती खूण आलीच पाहिजे. नुसत्या काळ्या पाण्याचा फोटो कुठल्याही गल्लीचा असू शकतो.

मग तुंबण्याचे कारण शोधावे, कारण खाते त्यावर ठरते. गाळ आणि प्लॅस्टिक साचले असेल तर काम सफाईचे आणि खाते आरोग्य विभाग. जबाबदार माणूस त्या भागाचा आरोग्य निरीक्षक. गटारीला उतारच नसेल, मोरीचा पाईप गटारीपेक्षा लहान असेल किंवा डांबराचे थर चढून रस्ता घरांपेक्षा उंच झाला असेल, तर काम बांधकामाचे आणि खाते अभियांत्रिकी. घरांच्या संडासाचे पाणी उघड्या गटारीत येत असेल तर प्रश्न भुयारी गटारीच्या जोडणीचा आहे. या तिन्ही गोष्टी एका दमात मांडल्या की प्रत्येक अधिकारी दुसऱ्याकडे बोट दाखवतो. सफाईची मागणी करून उताराचा दोष जात नाही. मे महिन्यात गाळ काढला तरी जूनच्या दुसऱ्या पावसात पाणी पुन्हा त्याच जागी उभे राहते, आणि कागदावर मात्र ‘काम झाले’ अशी नोंद होते.

उतार आहे की नाही हे गवंड्याच्या पाणसळीच्या पारदर्शक नळीने कळते. वीस मीटरच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना नळी धरून गटारीचा तळ नळीतल्या पाण्यापासून किती खाली आहे ते मोजावे. दोनशेस एक असा उतार असेल तर वीस मीटरमध्ये सुमारे दहा सेंटिमीटर फरक यायला हवा. फरक शून्य आला किंवा उलटा आला, तर तो आकडाच तुमची सगळ्यात भक्कम बाजू आहे. कनिष्ठ अभियंत्याला तो खोडायचा असेल तर जागेवर येऊन मोजावेच लागते, आणि तो जागेवर यावा हेच आपल्याला हवे असते.

बैठकीत एकानेच बोलावे, दोन-तीन मिनिटे. नमुना असा : ‘वॉर्ड क्रमांक अमुक, अमुक गल्ली. मारुती मंदिरापासून पूर्वेला साठ मीटरपर्यंत गटारीला उतार नाही. मोजमाप आणि फोटो अर्जासोबत आहेत. चौदा घरांत पाणी येते. मागणी एकच : अभियांत्रिकी विभागाने जागेची पाहणी करावी आणि अंदाजपत्रक तयार करावे. पाहणीची तारीख आजच्या इतिवृत्तात लिहावी.’ शेवटचे वाक्य सोडू नये. बाकीचे चौघे पाठीशी उभे राहिले तरी पुरे. एकाच गाऱ्हाण्यावर दहा जण बोलले की दहाव्यापर्यंत विषय गटारीवरून कचऱ्यावर आणि कचऱ्यावरून कुत्र्यांवर गेलेला असतो.

सह्या घ्यायच्या तर मागणी आणि सह्या एकाच पानावर घ्याव्यात. घरटी एक सही, समोर घर क्रमांक. कोऱ्या कागदावरच्या दोनशे सह्यांपेक्षा अशा चौदा सह्यांना जास्त वजन असते, कारण त्या कोणत्या मागणीसाठी आहेत याबद्दल शंका राहत नाही. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक टपाल विभागात द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. अधिकाऱ्याच्या हातात दिलेला आणि शिक्का नसलेला अर्ज दिलाच नव्हता असे समजावे.

वेळेचेही पाहावे. पालिकेचे आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते आणि अंदाजपत्रकाची जुळवाजुळव त्याआधी काही महिने चाललेली असते. नवी गटार हवी असेल तर मागणी डिसेंबरच्या आत कागदावर यायला हवी. जूनमध्ये केलेल्या मागणीतून फार तर गाळ निघतो.

प्रश्न : पीडीओ (ग्रामपंचायतीचे विकास अधिकारी) म्हणतात, ‘अर्ज कन्नडमध्ये लिहून आणा, मराठीतला घेता येत नाही.’ काय करावे? (खानापूर तालुका)

उत्तर : मराठीतला अर्ज नाकारता येत नाही. राज्यघटनेचे कलम 350 सांगते की, गाऱ्हाणे दूर व्हावे म्हणून केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे द्यायचे निवेदन त्या केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. कर्नाटकात मराठी वापरात आहे, याबद्दल कुणाला शंका असायचे कारण नाही. अर्जाच्या माथ्यावर ‘भारतीय संविधान, कलम 350 अन्वये निवेदन’ एवढी ओळ लिहावी. तरीही घेतला नाही, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने रजिस्टर करून पोचपावतीसह पाठवावा. पोस्टाची पावती ही पोचच आहे.

मात्र या कलमात उत्तर त्याच भाषेत देण्याची सक्ती नाही. आणि हक्क शाबूत ठेवूनही काम लवकर व्हावे असे वाटत असेल, तर मराठी अर्जाला एका पानाचा कन्नड सारांश जोडावा : जागा, माप, मागणी, खाते. ही माघार नव्हे. फाइलवर शेरा मारणारा कारकून बहुधा कन्नडच वाचणारा असतो, आणि त्याने आपल्या मनाने केलेल्या सारांशापेक्षा आपला सारांश बरा. सर्व्हे नंबर, वॉर्ड क्रमांक आणि खांबाचा क्रमांक दोन्ही पानांवर सारखे आहेत ना, हे दोनदा तपासावे.

याहून मोठा घोळ इतिवृत्तात होतो. ग्रामसभेचे इतिवृत्त कन्नडमध्ये लिहिले जाते. त्याला नडावळी म्हणतात. सभा संपून सह्या होण्याआधी, कन्नड वाचता येणाऱ्या आपल्यातल्या एकाने ती नोंद तिथेच मोठ्याने वाचून घ्यावी. गटारीची मागणी ‘रस्ता दुरुस्ती’ म्हणून लिहिली गेली की वर्षभराने रस्त्याला मुरूम पडतो आणि गटार तशीच राहते. गावातली शाळा शिकलेली मुले कन्नड सफाईने वाचतात. हे काम त्यांच्याकडे द्यावे.

ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण 15 टक्के किंवा अधिक आहे, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे संरक्षण भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेले आहे. सभेची सूचना मराठीतही लावण्याची मागणी त्या आधारावर लेखी करावी.

प्रश्न : ग्रामसभा सकाळी अकराला, भाताच्या लावणीच्या दिवसांत ठेवतात. पंधरा-वीस माणसे येतात, अर्ध्या तासात सभा संपते. नंतर शिपाई वही घेऊन घरोघर सह्या गोळा करतो. ही सभा धरायची का? महाराष्ट्रात वर्षाला चार ग्रामसभा होतात असे मोबाईलवरच्या व्हिडिओत पाहिले, आमच्याकडे का नाहीत? (बेळगाव तालुका)

उत्तर : दुसऱ्या भागापासून सुरुवात करू, कारण सीमाभागात हा गोंधळ सर्रास होतो. मराठीत मिळणारी माहिती बहुतेक महाराष्ट्राच्या कायद्याची असते. सरपंच, ग्रामसेवक, वर्षाला चार ग्रामसभा, ‘आपले सरकार’ पोर्टल, हे सगळे तिकडचे. आपल्याला लागू आहे तो कर्नाटकाचा 1993 चा ग्राम स्वराज व पंचायत राज कायदा. इथे पंचायतीचा प्रमुख अध्यक्ष असतो, कारभार पीडीओ पाहतो आणि त्याच्या वर तालुका पंचायतीचा कार्यनिर्वाहक अधिकारी, म्हणजे ईओ असतो. तक्रारीत ‘ग्रामसेवकाने’ असे लिहिले तर ती चुकीच्या कायद्यावर उभी राहते.

इथे वॉर्ड सभा आणि ग्रामसभा दोन्ही सहा महिन्यांतून किमान एकदा व्हायला हव्यात. गणपूर्तीसाठी वॉर्ड सभेला मतदारांच्या एक दशांश किंवा 20 यांपैकी जी संख्या कमी ती, आणि ग्रामसभेला एक दशांश किंवा 100 यांपैकी जी कमी ती. म्हणजे बाराशे मतदारांच्या पंचायतीत ग्रामसभेला शंभर माणसे हवीत. पंधरा-वीस पुरत नाहीत. नंतर घरोघर घेतलेली सही ही हजेरी होत नाही. अशी सही करू नये आणि शेजाऱ्यांनाही तसे सांगावे. एका सहीने सभा कायदेशीर ठरवायची आणि पुढे तिच्या ठरावांविरुद्ध भांडायचे, हे जमत नाही.

सभेच्या दिवशी गणपूर्ती नसेल तर उभे राहून तेवढेच सांगावे आणि ‘गणपूर्ती नसल्याने सभा तहकूब’ अशी नोंद मागावी. हजेरीच्या पानाचा आणि बसलेल्या लोकांचा वेळ दिसेल असा फोटो काढावा. नोंद नाकारली तर दुसऱ्याच दिवशी ईओंना लेखी कळवावे आणि प्रत जिल्हा पंचायतीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना द्यावी.

वॉर्ड सभेकडे मात्र लोक पाठ फिरवतात आणि तिथेच घात होतो. मागण्यांचा मार्ग वस्तीतून वॉर्ड सभेत आणि तिथून ग्रामसभेत असा आहे. वॉर्ड सभेच्या यादीत काम नसेल तर ग्रामसभेत ‘पुढच्या वेळी पाहू’ म्हणायला आयतेच कारण मिळते. वीस माणसे जमवणे शंभर जमवण्यापेक्षा सोपे आहे. आपल्या गल्लीतली वीस माणसे घेऊन वॉर्ड सभेला जावे. लावणीच्या दिवसांबद्दल आधीच अर्ज द्यावा : सभा संध्याकाळी किंवा रविवारी घ्यावी आणि डौंडी पिटवावी.

प्रश्न : सभेत बायका मागे बसतात, बोलत नाहीत. पाण्याचा त्रास तर आम्हालाच. (येळ्ळूर परिसर)

उत्तर : महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायला लावावी आणि तिच्यातले ठराव मुख्य ग्रामसभेत वाचून नोंदवून घ्यावेत. बचत गटाच्या बैठकीत आधी मागणी ठरवून एकीने ती कागदावरून वाचून दाखवली तरी चालते. शाळेच्या वाटेवरचा खड्डा, शाळेतले पाणी, शौचालय अशा गोष्टींसाठी मुलांची ग्रामसभाही असते. तिथे मुलांनी मांडलेल्या मागणीकडे पंचायतीला सहसा काणाडोळा करता येत नाही.

प्रश्न : नळाला सुरुवातीला गढूळ आणि वासाचे पाणी येते. बैठकीत सांगितले तर ‘वरून स्वच्छच सोडतो’ म्हणतात. (शहापूर, बेळगाव)

उत्तर : दोघांचेही खरे असू शकते. राकसकोप आणि हिडकल जलाशयांतून येणारे पाणी शुद्ध करूनच सोडले जाते. पण जिथे पाणी काही तासच येते, तिथे उरलेला वेळ नळ्या रिकाम्या असतात. रिकाम्या नळीत दाब राहत नाही आणि जिथे भेग असेल तिथून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. घराची नळजोडणी गटारीतून ओलांडून नेलेली असेल आणि तिथेच गंजलेली असेल, तर गटारीचेच पाणी आत येते. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे तेच नळातून बाहेर पडते.

बैठकीला जाण्याआधी भेग कुठे आहे ते शोधता येते. एकाच नळीवरच्या ओळीने पाच-सहा घरांनी पाणी सुटताच पारदर्शक बाटलीत पहिले पाणी भरावे आणि दहा मिनिटांनी दुसरी बाटली भरावी. बाटलीवर घर क्रमांक आणि वेळ लिहावी. तिसऱ्या घरापर्यंत पाणी स्वच्छ आणि चौथ्यापासून गढूळ असेल, तर दोष त्या दोन घरांच्या मध्ये आहे. एकाच घरात गढूळ असेल, तर दोष त्या घराच्या जोडणीत आहे आणि तिची दुरुस्ती बहुधा घरमालकाकडेच येते. हे बैठकीत कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

जंतू पाहायला एचटूएस बाटली मिळते. खुणेपर्यंत पाणी भरून बाटली उबदार जागी ठेवायची. 24 ते 48 तासांत पाणी काळे झाले तर विष्ठेतून आलेल्या जंतूंची शक्यता धरावी, आणि तोवर पाणी उकळूनच प्यावे. पाण्यातल्या उरलेल्या क्लोरिनची चाचणी पालिकेच्या माणसाकडून समोर करून घ्यावी. भारतीय मानक 10500 प्रमाणे नळाशी ते लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवे. काळी पडलेली बाटली टेबलावर ठेवून मागणी एवढीच करावी : ‘घर क्रमांक अमुक ते अमुक यांच्यामध्ये खोदून नळी तपासावी.’ ‘स्वच्छ पाणी द्या’ म्हटले की आश्वासन मिळते. कुठे खोदायचे ते सांगितले की माणूस पाठवावा लागतो.

प्रश्न : नवीन लेआऊटमध्ये प्लॉट घेऊन घर बांधले. रस्ता नाही, दिवे नाहीत. महापालिका म्हणते बुडाकडे (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडे) जा, बुडा म्हणते महापालिकेकडे. घरपट्टी मात्र भरतो. (बेळगाव)

उत्तर : घरपट्टी भरली म्हणून लेआऊट पालिकेच्या ताब्यात आला असे होत नाही. मंजूर लेआऊटमध्ये रस्ते, गटारी, दिवे आणि बागेची जागा विकासकाने तयार करायची असते. नगरविकास प्राधिकरण काम पाहून मंजुरी देते आणि मग लेआऊट पालिकेकडे हस्तांतरित होतो. त्यामुळे बैठकीत रस्ता मागण्याआधी एक कागद हवा : हस्तांतर झाले का आणि कोणत्या तारखेला. तो प्राधिकरणाकडे लेखी मागावा, सोबत मंजूर नकाशाची प्रतही मागावी. हस्तांतर झालेले असेल तर तारीख दाखवताच पालिकेला दुसरीकडे बोट दाखवता येत नाही. झालेले नसेल तर विकासकाने कोणती कामे अर्धवट ठेवली, त्यांची यादी प्राधिकरणाकडून घ्यावी आणि ती पुरी करून घेण्याची मागणी तिथेच करावी. सगळ्या घरांनी मिळून रहिवासी संघ नोंदवला तर पत्रव्यवहार एका नावाने चालतो. वेगवेगळ्या बारा अर्जांच्या बारा फाइली होतात.

दिव्यांबाबत एवढे लक्षात ठेवावे : दिवा लागत नसेल तर पालिका, तार लोंबत असेल, खांब कलला असेल, ठिणग्या पडत असतील तर हेस्कॉम (वीज कंपनी), फोन 1912. दोन्हीकडे खांबाचा क्रमांक सांगावा.

प्रश्न : मी कॅम्पमध्ये राहतो. महापालिकेच्या बैठकीत माझी तक्रार घेत नाहीत.

उत्तर : घेणार नाहीत. कॅम्प भाग कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या अखत्यारीत आहे, त्याला 2006 चा कॅन्टोन्मेंट कायदा लागू आहे. अर्ज बोर्डाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे द्यावा किंवा ई-छावणी पोर्टलवर नोंदवावा.

प्रश्न : बळ्ळारी नाल्याचे पाणी दर पावसाळ्यात शिवारात घुसते आणि भात कुजते. बैठकीत फक्त चर्चा होते. (अनगोळ शिवार)

उत्तर : यात दोन वेगळी गाऱ्हाणी आहेत आणि ती वेगळीच मांडावीत. नाल्यातला गाळ, जलपर्णी आणि कचरा काढणे हे काम पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये व्हायला हवे. त्यासाठीची मागणी जानेवारीत द्यावी आणि ‘नाला साफ करा’ असे न लिहिता कुठल्या पुलापासून कुठल्या पुलापर्यंत ते लिहावे. अतिक्रमणाचा संशय असेल तर आधी भूमापन खात्याकडून नाल्याची मोजणी मागावी. हद्दीचे दगड बसल्याशिवाय बैठकीत अतिक्रमणाचा आरोप करू नये. त्याने वाद दोन शेतकऱ्यांतच पेटतो आणि नाला बाजूला राहतो.

नुकसानभरपाई हा महसूल खात्याचा विषय. पाणी उभे असतानाच तलाठ्याला लेखी कळवावे. पाणी ओसरल्यावर पंचनामा अंदाजाने होतो. आपत्ती निवारणाच्या निकषांत पिकाचे नुकसान 33 टक्के किंवा अधिक असावे लागते. पुष्कळदा अर्ज अडतो तो वेगळ्याच कारणाने : पीक पाहणीत त्या सर्व्हे नंबरवर भाताऐवजी दुसरेच पीक किंवा ‘पडीक’ अशी नोंद झालेली असते. हंगामातच बेळे दर्शक ॲपवर आपली नोंद पाहावी आणि चूक असेल तर लगेच हरकत घ्यावी.

प्रश्न : ठराव झाला, इतिवृत्तात आला, तरी वर्षभर काम नाही. आता? (खानापूर)

उत्तर : पंधरा दिवसांनी आणि महिन्याने स्मरणपत्र द्यावे, दोन्हींत बैठकीची तारीख आणि पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक लिहावा. मग राज्य सरकारच्या 1902 या जनस्पंदन क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. सकाल योजनेत अशी तक्रार जात नाही. सकाल दाखले, उतारे अशा ठरलेल्या सेवांसाठी आहे, गटारीसाठी नाही. तिथे अर्ज घालून महिने वाया घालवू नयेत.

त्यानंतर माहिती अधिकार. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत हवा, शुल्क 10 रुपये. मोठी हकिकत लिहिली की अर्ज परत येण्याची भीती असते. ‘काम का केले नाही?’ असे विचारू नये. कारणे सांगायला माहिती अधिकारी बांधील नसतो, असलेला कागद द्यायला असतो. म्हणून कागदच मागावेत : अमुक तारखेच्या ठरावाची नक्कल, त्यावर झालेल्या पत्रव्यवहाराची नक्कल, अंदाजपत्रक, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तकाची संबंधित पाने. मोजमाप पुस्तक विसरू नये. काही वेळा काम कागदावर पुरे झालेले आणि बिल निघालेले असते, ते तिथे दिसते. पुस्तकातली लांबी-रुंदी आणि जागेवरची लांबी-रुंदी टेपने ताडून पाहावी.

30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिले अपील आणि त्याच्या निर्णयानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. मिळालेले कागद पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवावेत आणि वाचून दाखवले याचीही नडावळीत नोंद करून घ्यावी.